विनामूल्य प्रवेशिका

दिग्दर्शक गेला की त्याच्या चित्रपटांना हमखास संध्याकाळची वेळ मिळते. पत्रिकेवर ठळक अक्षरांत 'विनामूल्य प्रवेशिका' आणि खाली बारीक टायपात 'काही जागा निमंत्रितांसाठी राखीव'. तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, आभार मानणाऱ्यांचे आभार, आणि साडेसहाचा चित्रपट पावणेआठला सुरू. सुमित्रा भावे 19 एप्रिल 2021 रोजी गेल्या आणि त्यांच्या चित्रपटांच्या वाट्यालाही हा मान आला. त्यात वावगं काहीच नाही. मात्र जे चित्रपट आपण तिकीट काढून चालवले नाहीत, ते फुकट दाखवून हिशेब मिटवायची ही सोयीची तऱ्हा झाली आहे. हे नीट कळायचं तर बाईंच्या साडेतीन दशकांतली मधली बारा वर्षं पाहावी लागतात.

आधीची वर्षं भराभर सांगता येतील. चित्रपटाचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या या समाजकार्याच्या प्राध्यापिकेने झोपडपट्टीतल्या बायकांचं जगणं समजून घेता घेता 1985 मध्ये 'बाई' हा लघुपट केला. त्यातून सुनील सुकथनकर यांच्याशी जोडी जमली आणि 1995 मध्ये 'दोघी' आला. त्या काळातला बाकीचा मराठी पडदा सासू-सुना, नारळीपौर्णिमा आणि विनोदाच्या नावाखाली आरडाओरडा यांनी भरला होता. त्याबद्दल हळवं व्हायचं कारण नाही.

खरी गंमत 2004 पासूनची. त्या वर्षी 'श्वास'ला सुवर्णकमळ जाहीर झालं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला हा मान मिळत होता. ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि मराठी चित्रपटाचा पुनर्जन्म झाल्याचं जो तो सांगू लागला. पुढच्या दहा वर्षांत 'डोंबिवली फास्ट', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'गाभ्रीचा पाऊस', 'विहीर', 'देऊळ', 'फँड्री' आणि 'कोर्ट' आले. तो बहर खरा होता, त्याची आठवण आजही सुखावते. पण त्याची जी कहाणी रचली गेली, तिच्यात एक खोट आहे. 'श्वास'च्याच वर्षी बाईंचा 'देवराई' आला होता. त्यामागोमाग 'बाधा' आणि 'नितळ' आले. 'एक कप च्या'मध्ये अवाच्या सवा वीजबिल आलेला एसटीचा कंडक्टर माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन हेलपाटे घालत होता. म्हणजे लाट यायच्या आधीपासून जी बाई पाण्यात उभी होती, तिला लाटेच्या यादीत शेवटी 'आणि इत्यादी'मध्ये बसवण्यात आलं.

याला समीक्षकही जबाबदार आहेत. त्यांनी या चित्रपटांना औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांसारख्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'देवराई' स्किझोफ्रेनियावरचा, 'नितळ' कोडावरचा, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावरचा. 'समस्याप्रधान' हा शब्द स्तुतीसारखा वापरला गेला आणि प्रेक्षकाने तो बरोब्बर इशाऱ्यासारखा वाचला. 'अस्तु' पाहा. मुलगी बाजारात गेलेली असताना गाडीत बसलेल्या शास्त्रीबुवांना हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. ज्याचं संस्कृत पाठांतर लोक तोंडात बोटं घालून ऐकत, तो माणूस माहुताच्या अनोळखी, कन्नड बोलणाऱ्या बायकोला 'आई' म्हणतो, आणि तीही आपल्या पोरांसोबत त्याला भरवते. इथे आजार केव्हाच मागे पडलेला असतो. विद्वत्ता गळून गेल्यावर माणसात काय उरतं, हा प्रश्न पडद्यावर असतो. तो विचारण्यासाठी दिग्दर्शिकेने भाषण नाही, हत्ती वापरला. हे किती जणांनी लिहिलं?

आणि या 'अस्तु'चं झालं काय? तो 2013 चा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संवादांसाठी सुमित्रा भावे आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांचा गौरव झाला. तरी चित्रपटगृहांत यायला जुलै 2016 उजाडला, तोही लोकांकडून पैसे जमवून. बारा वर्षांपूर्वी मराठी चित्रपटाला लॉस एंजेलिसला पाठवायला वर्गणी काढावी लागली होती, आता तो महाराष्ट्रात दाखवायलाही काढावी लागली. मधल्या काळात सरकार स्वस्थ होतं असंही नाही. एप्रिल 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना संध्याकाळी मराठी चित्रपटाचा एक खेळ सक्तीचा झाला. काही दिवसांतच ती वेळ पातळ होत 'दुपारी बारा ते रात्री नऊ' अशी झाली. दुपारी बाराला नोकरदार प्रेक्षक कुठून यायचा, हे विचारणारं तिथे कोणी नसावं.

यावर थिएटरवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: लोक येत नाहीत, रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रोजेक्टर किती दिवस चालवायचा? प्रश्न रास्त आहे, उत्तर अर्धवट. डिसेंबर 2024 मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला त्यांचे दहा चित्रपट 40 शहरांतल्या 135 चित्रपटगृहांत 100 रुपये तिकिटाने लागले आणि लोक गेले. राज कपूरची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. मग 'तुंबाड' घ्या. त्यात मोठा तारा नाही. 2018 च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा 2024 च्या पुनर्प्रदर्शनात त्याने जास्त कमाई केली. चांगली प्रत, ठरलेली वेळ आणि आधीपासून जाहिरात मिळाली तर प्रेक्षक जुन्या चित्रपटालाही पाकीट उघडतो. 'काय मिळेल त्या वेळेला' लावलेला खेळ रिकामा गेला, तर त्याचा दोष चित्रपटावर ढकलता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अभिनेते मोहन आगाशे यांनी 'अस्तु' गावोगावी नेला, डॉक्टर आणि रुग्णांची काळजी घेणारे यांच्यापुढे दाखवून चर्चा घडवल्या. अशा खास खेळांनीच हे चित्रपट जगवले, हे मान्यच करायला हवं. पण तो आडमार्ग होता, राजरस्ता बंद होता म्हणून काढलेला. त्याचं कौतुक करता करता आपण राजरस्ता उघडायचं विसरलो. ओटीटीचंही तसंच. 'दिठी' बाईंच्या निधनानंतर महिनाभराने सोनी लिववर आला, चित्रपटगृहं तेव्हा कोविडने बंद होती. ज्यांनी तो पाहिला त्यांना बरंच मिळालं. परंतु पावसात न्हालेला, अंधाराच्या छटांनी रंगवलेला तो चित्रपट दुपारी मोबाइलवर लावला की निम्मा वेळ काचेत आपलाच चेहरा दिसतो. मुलाच्या मृत्यूने फुटलेल्या रामजी लोहाराच्या हातांत अडलेल्या गायीचं वासरू येतं, ते पाहायला काळोख लागतो आणि शेजारी श्वास रोखलेली चार अनोळखी माणसंही लागतात.

स्मृतिदिनाच्या आयोजकांकडे म्हणून एकच मागणी. पुढच्या पत्रिकेवरचा 'विनामूल्य' हा शब्द खोडा, तिथे तिकिटाचा दर छापा, भाषणं चित्रपटानंतर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीचा खेळही आजच लावून टाका.