सही चेंडूवरची आणि करारावरची

बेसबॉल संघाच्या जनरल मॅनेजरपुढे एखादा चाहता चेंडू धरून सही मागतो, तेव्हा बघणाऱ्याला गंमत वाटते. हा माणूस मैदानात उतरत नाही. सामना रंगात आला असताना पिचर कधी बदलायचा हेही तो ठरवत नाही, ते काम डगआउटमधल्या मॅनेजरचं. संघात कोण हवं, किती पैशांत हवं आणि कुणाला कधी निरोप द्यायचा, एवढंच त्याच्या हाती. तरीही बोस्टनच्या रेड सॉक्सवाल्यांनी थिओ एपस्टाइनला खेळाडूच्या बरोबरीने डोक्यावर घेतलं आणि माझ्या मते ते रास्तच होतं. २००२ साली अठ्ठाविसाव्या वर्षी तो त्या खुर्चीत बसला. २००५ मध्ये राजीनामा दिला तेव्हा पत्रकारांना चुकवायला गोरिलाचा वेश घालून फेनवे पार्कमधून सटकला, एवढा तो ओळखीचा झाला होता. (काही महिन्यांत परतलाही.)

त्याच्या कामाचा कस पाहायचा तर ३१ जुलै २००४ पाहावा. खेळाडूंच्या अदलाबदलीचा तो शेवटचा दिवस. नोमार गार्सियापारा म्हणजे बोस्टनचा लाडका शॉर्टस्टॉप, दोनदा फलंदाजीत अव्वल ठरलेला. पण दुखापतींनी तो मंदावला होता, करार संपत आला होता आणि संघाचं क्षेत्ररक्षण गळकं होतं. एपस्टाइनने चार संघांच्या सौद्यात त्याला शिकागोला पाठवून क्षेत्ररक्षणात पक्के असे दोघे आणले. शहर हळहळलं. त्याच दिवशी दुय्यम लीगमधल्या एका खेळाडूच्या बदल्यात डेव्ह रॉबर्ट्स आला, त्याची फारशी चर्चाही झाली नाही. ऑक्टोबरात यांकीज संघाविरुद्धच्या मालिकेत बोस्टन ०-३ असं मागे होतं. चौथ्या सामन्यात, नवव्या डावात, एका धावेने पिछाडीवर असताना रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर बदली धावक म्हणून उभं केलं. तो पळणार हे साऱ्या मैदानाला ठाऊक होतं. मारियानो रिव्हेराने त्याला बाद करायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकताच रॉबर्ट्स सुटला आणि थोडक्यात दुसऱ्या बेसवर पोहोचला. पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली. बोस्टन तो सामना जिंकलं, मालिका जिंकलं आणि १९१८ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजही. रॉबर्ट्सने यांकीजविरुद्धच्या त्या मालिकेत बॅट एकदाही हातात घेतली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, हा नशिबाचा खेळ. बेसवरचा हात क्षणभर आधी लागला असता तर याच सौद्याला मूर्खपणा म्हटलं असतं. खरं आहे. पण पायात वेग असलेला माणूस त्या रात्री बाकावर बसलेला होता, हे नशीब नव्हे; ती तजवीज जुलैत झाली होती. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार आहे: त्या वर्षी पगारावर बोस्टनपेक्षा जास्त खर्च करणारा संघ एकच होता. मात्र तो संघ यांकीजच होता आणि तोच हरला. डेव्हिड ऑर्टिझला तर मिनेसोटाने २००२ च्या अखेरीस सोडूनच दिलं होतं. एपस्टाइनने त्याला साडेबारा लाख डॉलरांत घेतलं. चौथ्या सामन्याचा निकाल लावणारा बाराव्या डावातला होम रन त्याचाच.

पैसा असूनही चुकता येतं, हेही एपस्टाइननेच दाखवलं. २०१० च्या डिसेंबरात कार्ल क्रॉफर्डशी सात वर्षांचा, १४ कोटी २० लाख डॉलरांचा करार झाला. तो इतका फसला की दोन वर्षांच्या आत बोस्टनने क्रॉफर्डला लॉस एंजेलिसला धाडलं. तोवर एपस्टाइन शिकागो कब्जचा अध्यक्ष झाला होता. तिथे पहिल्याच हंगामात संघाने १०१ सामने गमावले, तरी त्याने तरुण खेळाडू जमवणं सोडलं नाही; २०१६ मध्ये कब्ज १९०८ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज जिंकले. म्हणून तो भेटलाच तर चाहत्याने रॉबर्ट्सच्या आठवणी काढत बसू नये, त्या त्याने हजारदा ऐकल्या असतील. क्रॉफर्डबद्दल विचारावं: करारावर सही करण्याआधी टेबलावर कोणते आकडे होते, आणि नको म्हणणारं तिथे कोणी होतं का?