मत्सर आणि मुदिता

काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर या सहा शत्रूंपैकीं पहिल्या पांचांचें समर्थन करणारा कोणी ना कोणी भेटतोच. क्रोधाला अन्यायाची चीड म्हणतां येतें, लोभाला संसाराची काळजी म्हणतां येतें, मदालाहि स्वाभिमानाचें नांव देतां येतें. मत्सराला मात्र असा वकील मिळत नाहीं. आपल्याला अमक्याचा मत्सर वाटतो, असें चारचौघांत सांगणारा मनुष्य विरळा. आणि जो विकार कबूल होत नाहीं, त्यावर औषधहि होत नाहीं.

एकत्र कुटुंबांत या विकाराला पोषक भूमि आयतीच मिळते. एका छपराखालीं राहणाऱ्या दोन भावांची मिळकत, दोन जावांचे दागिने, चुलत भावंडांचे परीक्षेंतील गुण हें सारें दररोज शेजारीं शेजारीं मांडलें जातें. शेजारीं मांडलेल्या दोन वस्तूंची तुलना करूं नको, असें मनाला सांगणें सोपें नाहीं. शिवाय मत्सराच्या मुळाशीं जी समजूत असते, ती अशा घरांत खरीच भासते. दुसऱ्याला जें मिळालें तें आपल्या वांट्यांतून गेलें, ही ती समजूत. वडिलोपार्जित शेताची वांटणी चालली असतां हा हिशेब बरोबर आहे. परंतु विद्या, कीर्ति, सुस्वभाव आणि मुलाबाळांचे गुण यांना तो लावला कीं घराची शांति ढळते. कारण पुतण्या पहिला आला म्हणून आपल्या मुलाची बुद्धि कांहीं कमी होत नाहीं.

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगानें गोदावरी वाहते. याच तालुक्यांत जांब हें गांव आहे. आज त्याला जांब समर्थ म्हणतात. तेथील सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या दांपत्याला दोन पुत्र झाले. थोरले गंगाधर, धाकटे नारायण. नारायणांचा जन्म इ. स. १६०८, म्हणजे शके १५३०, च्या रामनवमीचा. हेच पुढें समर्थ रामदास म्हणून विख्यात झाले. संप्रदायांत अशी कथा सांगतात कीं, वडील वारल्यावर धाकट्यानें थोरल्यापाशीं मंत्रोपदेश मागितला. परंतु तुझें वय अद्याप लहान आहे, असें सांगून थोरल्यानें तो दिला नाहीं. पुढें बाराव्या वर्षीं नारायण लग्नमंडपांतून निघून गेले. बारा वर्षें नाशिकजवळ टाकळी येथें तप आणि बारा वर्षें तीर्थाटन करून, परंपरेप्रमाणें ते चोवीस वर्षांनीं आईच्या दर्शनास जांबेला परतले.

या चोवीस वर्षांत जांबेचें घर कोणीं सांभाळलें? वृद्ध मातेची सेवा, कुळकर्णाचें काम आणि घराचा कुळाचार हें सर्व थोरल्या गंगाधरपंतांनीं निभावलें; आणि पुढें जगाच्या मुखीं नांव झालें तें धाकट्याचें. मत्सराला याहून सुपीक जागा कोणती? धाकट्याला वाटावें कीं मंत्र नाकारला. थोरल्याला वाटावें कीं भार आपण वाहिला आणि कीर्ति त्याची झाली. तथापि संप्रदायाच्या आठवणींत हे दोघे प्रतिस्पर्धी म्हणून येत नाहींत, परस्परांना मान देणारे बंधु म्हणून येतात. गंगाधरपंतांना तेथें ‘श्रेष्ठ’ म्हणतात. त्यांनीं स्वतः रामीरामदास या नांवानें ‘सुगमोपाय’ व ‘भक्तिरहस्य’ हे ग्रंथ रचिले. आणि पुढें चाफळ-सज्जनगड संस्थानाचा अधिकार श्रेष्ठांच्याच वंशाकडे आला. घरीं राहणाऱ्याचें श्रेष्ठत्व बाहेर गाजलेल्याच्या संप्रदायानें मान्य केलें, ही गोष्ट आमच्या मतें लहान नव्हे.

असें मन कसें घडवावें? समर्थांचा मार्ग भक्तीचा होता. परंतु मत्सर या एका विकाराची चिकित्सा बौद्ध आचार्यांनीं जितक्या बारकाईनें केली आहे, तितकी अन्यत्र क्वचित् आढळते. आणि ती आम्हांस परकी मानण्याचें कारण नाहीं. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं सारस्वत ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनीं सिंहलद्वीपांत जाऊन पाली विद्या मिळविली, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ती शिकविली आणि ‘समाधिमार्ग’, ‘भगवान बुद्ध’ यांसारख्या पुस्तकांनीं ती मराठी घरांपर्यंत आणून पोंचविली.

दीघनिकायांतील एका सुत्तांत देवांचा राजा शक्र बुद्धांना विचारतो कीं, सर्व प्राणी वैरावांचून राहूं इच्छितात, तरी ते वैरांतच राहतात, हें कां? बुद्ध उत्तर देतात कीं, ईर्ष्या आणि मात्सर्य यांमुळें. येथें एक शब्दाचा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. मराठींत मत्सर म्हणजेच ईर्ष्या. परंतु पालींतील ‘मच्छरिय’ हें निराळें आहे. दुसऱ्याची संपत्ति सहन न होणें ही ईर्ष्या. आपली संपत्ति दुसऱ्याला मिळूं नये, दिसूंहि नये, म्हणून ती झांकून ठेवणें हें मात्सर्य. निवास, कुल, लाभ, स्तुति आणि धर्मज्ञान या पांच गोष्टींविषयीं तें होतें, असें शास्त्रकार म्हणतात. एखाद्या गृहिणीनें आपल्या हातच्या पदार्थाची कृति जावेला अर्धीच सांगावी, एखाद्या थोरल्यानें धाकट्याच्या कामाबद्दल चांगला शब्द काढूं नये, हें मात्सर्यच होय. हे दोन विकार एकमेकांना पोसतात. एकीला ईर्ष्या वाटते म्हणून दुसरी दृष्ट लागेल या भयानें आपला आनंद लपविते. आणि तिनें लपविला म्हणून पहिलीचा संशय वाढतो.

अभिधर्मांत आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. लोभाबरोबर निदान क्षणभर सुख असूं शकतें. ईर्ष्या मात्र द्वेषमूलक चित्तांतच उपजते, आणि तिच्याबरोबर दौर्मनस्य असतेंच. म्हणजे इतर विकार माणसाला कांहीं तरी लांच देतात. हा एकच असा कीं फुकट राबवून घेतो.

यावर पहिला उपाय कर्मविचाराचा. मज्झिमनिकायांत शुभ नांवाच्या एका ब्राह्मण तरुणाची कथा आहे. कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी, कोणी दरिद्री तर कोणी धनवान्, असा भेद माणसांत कां, असें त्यानें बुद्धांना विचारलें. प्राणी आपापल्या कर्माचे धनी व वारस आहेत, कर्मच त्यांना हीन किंवा उत्तम बनवितें, असें बुद्धांनीं सांगितलें. आणि पुढें एकेका कर्माचें फळ सांगतांना ईर्ष्येचेंहि सांगितलें. जो दुसऱ्याचा लाभ, मान आणि सत्कार पाहून जळतो, तो स्वतः प्रभावहीन होतो. जो जळत नाहीं, त्याला प्रभाव लाभतो. यांतील युक्तिवाद सरळ आहे. दुसऱ्याचें फळ त्याच्या झाडाचें आहे. त्याकडे कितीहि रागानें पाहिलें तरी तें आपल्या झाडाला लागणार नाहीं. पाहण्याची क्रिया मात्र आपली आहे, आणि तिचें फळ आपल्यालाच यावयाचें.

तथापि एकटा कर्मविचार धोक्याचा आहे, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. “त्याचें पूर्वसंचित, दुसरें काय!” हे शब्द आपल्या घरांत अनेकदां ऐकूं येतात, आणि त्यांत समाधानापेक्षां कुचेष्टाच अधिक असते. आपल्याला मिळालें तर आपल्या पुण्याईनें, आणि दुसऱ्यावर आपत्ति आली तर त्याच्या पापानें, असा सोयीचा हिशेबहि याच विचारांतून निघतो. कर्मविचार मत्सराचें विष उतरवील. परंतु रिकाम्या झालेल्या जागीं आनंद भरण्याचें काम त्याचें नव्हे. तें काम मुदितेचें.

मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हीं चार नांवें आपल्याकडील शास्त्र जाणणाऱ्यांना पतंजलींच्या योगसूत्रांतून परिचित आहेत. तेथें मुदितेचा विषय पुण्य हा आहे. बौद्ध आचार्य एक पाऊल पुढें जातात आणि दुसऱ्याचा कोणताहि उत्कर्ष पाहून संतोष पावणें म्हणजे मुदिता, असें म्हणतात. पांचव्या शतकांतील आचार्य बुद्धघोषांनीं ‘विशुद्धिमार्ग’ ग्रंथांत तिचें कार्यच असें सांगितलें कीं, ईर्ष्या होऊं न देणें. दुसऱ्याच्या सत्कर्मानें जो हर्ष वाटतो, त्याला अनुमोदन म्हणतात. आणि तें स्वतःच एक पुण्यकर्म मानलेलें आहे.

‘दिव्यावदान’ ग्रंथांतील एक कथा या संबंधांत सांगण्यासारखी आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित् बुद्धांना व भिक्षुसंघाला भोजन देत होता. दाराशीं एक भिकारी उभा राहून पाहत होता. राजाजवळ इतकें असूनहि तो पुण्य करण्यास कंटाळत नाहीं, या विचारानें त्याचें चित्त प्रसन्न झालें. भोजनानंतर बुद्धांनीं राजास विचारलें कीं, दानाचें पुण्य तुझ्या नांवें अर्पावें कीं तुझ्याहून अधिक पुण्य ज्याला लाभलें त्याच्या नांवें? आपल्याहून अधिक कोणाला लाभणार, असें समजून राजानें दुसऱ्या पर्यायास संमति दिली. आणि बुद्धांनीं नांव घेतलें तें भिकाऱ्याचें! असें दिवसामागून दिवस होऊं लागलें, तेव्हां राजा गालाला हात लावून बसला. अखेर अमात्यांनीं युक्ति योजिली. अन्न मुद्दाम सांडविलें. तें वेंचावयास भिकारी धांवला तेव्हां त्याला मार बसला. त्याचें चित्त बिघडलें, आणि त्या दिवशीं पुण्य राजाच्या नांवें गेलें.

या कथेंत मत्सर कोणाला वाटला हें वाचकांनीं पाहावें. ज्याच्यापाशीं कांहीं नव्हतें त्याला नव्हे. ज्याच्यापाशीं सर्व होतें त्याला! दरिद्र्यानें संतोषानें जें मिळविलें, तें दान करूनहि राजाच्या हातचें गेलें. आणि भिकाऱ्याच्या संतोषानें राजाचें अन्न एका शितानेंहि कमी झालें नव्हतें.

परंतु असा संतोष हुकमानें येत नाहीं. त्याला अभ्यास लागतो. बुद्धघोषांनीं त्याचा क्रम दिला आहे. आरंभ वैऱ्यापासून किंवा परक्यापासून करूं नये. ज्याला पाहतांच मन प्रसन्न होतें अशा आवडत्या मित्रापासून करावा. त्याचा आनंद पाहून, अहा, याचें किती चांगलें झालें, असें मनांत म्हणावें. त्याला आज वाईट दिवस आले असतील, तर मागचे चांगले दिवस आठवावे, किंवा पुढें येणारे चिंतावे. तें चित्त मृदु झालें कीं मग ज्याच्याविषयीं प्रेमहि नाहीं, द्वेषहि नाहीं, त्याच्याकडे वळावें. आणि सर्वांच्या शेवटीं ज्याच्याशीं वैर आहे त्याच्याकडे. घरांत हा क्रम सहज लावतां येतो. ज्या जावेशीं अबोला आहे तिच्या मुलाच्या यशापासून प्रारंभ करूं नये. माहेरच्या आवडत्या भाचीपासून करावा.

त्याच आचार्यांनीं मुदितेचा जवळचा शत्रुहि दाखविला आहे. तो मत्सर नव्हे. तो म्हणजे आपल्याच प्रपंचाच्या लाभाचा हर्ष. मुलाला मोठी नोकरी लागली म्हणून आई हर्षते, ही मुदिता नव्हे. तो आपलाच लाभ झाला. पुतण्याला नोकरी लागल्यावर काकूंनीं पेढा तोंडांत टाकतांना जें मनांत येईल, तेथें मुदितेची परीक्षा आहे. पेढा घेतांना “छान झालें हो” म्हणण्याचा परिपाठ आपल्याकडे आहेच. तो शब्द उच्चारतांना अर्धा क्षण थांबून तो खरा करणें, एवढेंच करावयाचें आहे.

येथें एक मर्यादा घालणें आम्हांस अवश्य वाटतें. अन्यायाची तक्रार आणि मत्सर या दोन गोष्टी एक नव्हेत. एका सुनेनें दिवसभर राबावें आणि दुसरीला माणसें मिळावीं. एका मुलाच्या शिक्षणाला पैसा असावा आणि विधवा भावजयीच्या मुलाला नसावा. अशा ठिकाणीं दुखावलेल्या माणसाला मुदितेचा उपदेश करणें हें निर्दयपणाचें आहे. तेथें कर्त्या माणसांनीं आधीं वांटणी नीट करावी. जें वांटलें असतां कमी होतें तें न्यायानें वांटावें. जें वांटलें असतां कमी होत नाहीं त्यांत आनंदानें सहभागी व्हावें. हा विवेक राहिला नाहीं, तर मुदिता म्हणजे दुर्बळाला गप्प बसविण्याचें साधन होईल.

घनसावंगीजवळून वाहणारी गोदावरी त्यापूर्वीं पैठणला स्पर्श करून येते. कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत. तेथील चैत्याच्या खांबांवर पैठणच्या मितदेव नांवाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यें विकणाऱ्याच्या, कुळाचें दान कोरलेलें आहे. दुसऱ्या खांबावर पैठणच्याच संघकाच्या पुत्रांचें. कोणीं एक खांब दिला, कोणीं दुसरा. चैत्य मात्र सर्वांचें झालें. पुढें पांचव्या शतकांत अजिंठ्याच्या दात्यांनीं आपल्या दानांतील पुण्य सर्व प्राण्यांना लाभो, अशी इच्छा लिहून ठेविली. पुण्य वांटल्यानें उणें होतें, असें त्यांना वाटलें नाहीं.

एकत्र कुटुंब हेंहि असेंच अनेक खांबांवर उभें असतें. शेजारचा खांब अधिक नक्षीदार आहे म्हणून झुरण्यापेक्षां, त्याच्यामुळें आपल्याहि डोक्यावरचें छत टिकून आहे, हें ओळखण्यांत शहाणपण आहे आणि सुखहि आहे.