मातेची परिश्रांती : परंपरेचा सल्ला आणि आजचे समुपदेशन

'बर्नआउट' ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ झाली ती नोकरीपेशातील थकव्याच्या संदर्भात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांतील कार्यकर्त्यांविषयी लिहिताना तिचा उपयोग केला. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही ती व्यवसायक्षेत्रापुरतीच मर्यादित आहे. घरात राबणारी आई या व्याख्येत बसत नाही. ही उणीव बेल्जममधील लूवाँ विद्यापीठाच्या इझाबेल रोस्काम व मोइरा मिकोलायचाक यांनी बऱ्याच अंशी भरून काढली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मापिकेत चार लक्षणे गणली आहेत : पालकत्वाच्या भूमिकेतील कमालीचा शिणवटा, आपण पूर्वीसारखे पालक राहिलो नाही ही बोच, त्या भूमिकेचा वीट आणि मुलापासून भावनिक दुरावा. अशी आई मुलाचे सारे काही करते, पण यंत्रवत्. प्रसूतीनंतरचे नैराश्य ही याहून वेगळी अवस्था होय. तिला वैद्यकीय उपचार लागतात आणि समुपदेशकाने दोहोंची गल्लत केल्यास ते लांबणीवर पडतात.

महाराष्ट्रातील पारंपरिक सल्ला या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पहिलटकरणीने माहेरी जावे, सव्वा महिना तिने कामाला हात लावू नये, तिला तेल-शेक मिळावा, अळीव व डिंकाचे लाडू मिळावेत, हे दंडक वरवर आहारविहाराचे दिसतात. वस्तुतः ती श्रमाची फेरवाटणी होती. बाळंतिणीला 'विश्रांती घे' असे नुसते सांगितले जात नसे. तिचे काम आई वा भावजय प्रत्यक्ष करीत असे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यामागे विटाळाची कल्पना होती, तिचा भार दुसऱ्या स्त्रीवरच पडे, पुरुष त्यातून मोकळाच राही आणि शेतमजूर स्त्रीला सव्वा महिना क्वचितच लाभे. शिवाय मुदत संपून सून सासरी परतली की सल्ल्याचा सूर पालटे. 'आईपण म्हणजे सोसणे' हेच मग शहाणपण ठरे.

सोसण्याला वाचा मात्र होती. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. त्यांत लेकराचे कौतुक आहे, तसाच सासुरवासाचा व कष्टांचा उघड उच्चारही आहे. पहाटे जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागे तेव्हा ऐकणारीही समोरच बसलेली असे.

आज शहरी समुपदेशनात जो सल्ला सर्रास मिळतो, तो झोप, व्यायाम व 'स्वतःसाठी वेळ' यांचा. तो चुकीचा नाही. पण तो वेळ आणावा कोठून? भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले; असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेचे आकडे अनुक्रमे १३७ व ७५ आहेत. ही वाटणी तशीच ठेवून दिलेला सल्ला म्हणजे आधीच्या कामांत आणखी एका कामाची भर.

रोस्काम-मिकोलायचाक यांच्या २०२१ च्या बेचाळीस देशांतील अभ्यासात व्यक्तिवादी संस्कृतींत ही परिश्रांती अधिक आढळली. यावरून एकत्र कुटुंब हाच उपाय असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. एकाच छपराखाली राहूनही काम एकीच्याच वाट्याला येऊ शकते. बेल्जममधीलच २०२० च्या एका उपचारप्रयोगाचा निष्कर्ष अधिक उद्बोधक आहे. पालकांच्या काही गटांना ताणाचे व साधनांचे गणित मांडून मार्गदर्शन केले गेले, तर काहींत केवळ बोलण्यास व ऐकण्यास अवसर दिला गेला. परिश्रांती दोन्ही प्रकारच्या गटांत घटली.

म्हणून समुपदेशकाचा पहिला प्रश्न 'तुम्हांला काय वाटते?' एवढाच नसावा. रात्री मूल उठले तर कोण उठते, डबा कोण भरतो, आजारपणात रजा कोण घेतो, हेही विचारले जावे. आणि दुसऱ्या बैठकीला, आईची संमती असल्यास, नवऱ्याला व शक्य तर सासूलाही बोलवावे.