दोन देशांच्या संबंधांची नोंद कोणत्या पुराव्यावर?

संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य देश आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर १८,५२८ जोड्या होतात. या प्रत्येक जोडीच्या परस्परसंबंधांवर ज्ञानकोशात स्वतंत्र लेख असावा काय? २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर या प्रश्नाने मोठा वाद झाला. 'अमुक-तमुक संबंध' या नावाचे दोन-चार ओळींचे लेख ढिगाने तयार झाले होते. संबंध कोणत्या साली सुरू झाले, वकिलात कोठे आहे, एवढाच त्यांतला मजकूर. त्यांतील अनेक लेख वगळले गेले, काही टिकले.

हा वाद संपादकांचा, चळवळीला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आज शाळकरी मुलापासून पत्रकारापर्यंत सर्वजण ज्ञानकोश उघडतात आणि त्यात जे नाही ते घडलेच नाही असे समजतात. ज्यांचा इतिहास हजारो वर्षे दुसऱ्यांनी लिहिला, त्यांनी तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

विकिपीडियाची कसोटी सोपी आहे. दोन देशांत राजनैतिक संबंध आहेत एवढ्यावरून लेख होत नाही. त्या संबंधांवर त्रयस्थ, विश्वसनीय लेखकांनी पुरेशा तपशिलाने लिहिलेले असावे लागते. वकिलातीचे पत्रक चालत नाही, कारण ते पक्षकाराचे स्वतःचे म्हणणे असते. निर्णयही केवळ हात मोजून होत नाही. युक्तिवादाचे वजन पाहिले जाते. वकील म्हणून मला ही कसोटी मान्य आहे. न्यायालयातही पक्षकार स्वतःच्या बाजूने बोलला म्हणून दावा सिद्ध होत नाही.

प्रश्न कसोटीचा नाही, प्रश्न पुराव्याच्या वाटपाचा आहे. त्रयस्थ माणूस लेखणी उचलतो तो कोणासाठी? मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी, व्यापार करारासाठी. गरिबांनी गरिबांशी जोडलेले नाते टिपायला कोणाचा वार्ताहर जातो?

भारत आणि हंगेरी यांचेच उदाहरण घ्या. ही जोडी कसोटीला सहज उतरते. तिबेटी-इंग्रजी शब्दकोश रचणारा आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला मरण पावलेला हंगेरियन पंडित चोमा, १९२६ मध्ये हंगेरीत बालाटनफ्युरेड येथे उपचार घेणारे रवींद्रनाथ टागोर, बुडापेस्टला जन्मलेली अमृता शेरगिल. साहित्य भरपूर आहे. पण याच देशाच्या ईशान्येला शायोकाझा नावाचे गाव आहे. तेथे २००७ मध्ये रोमा समाजातील मुलांसाठी डॉ. आंबेडकर यांच्या नावाने शाळा सुरू झाली. डेरडाक टिबोर आणि ओर्शोश यानोश हे तिचे संस्थापक. त्यांच्या संघटनेचे नावच 'जयभीम' आहे. रोमांची मूळ भाषा भारतीय आर्यकुळातील. हंगेरीत त्यांची मुले वेगळ्या वर्गांत, वेगळ्या शाळांत बसवली गेली. रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत ढकलल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २९ जानेवारी २०१३ रोजी हंगेरीला दोषी ठरवले. वर्गाबाहेर बसवलेल्या मुलाचे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता सांगा, भारत-हंगेरी संबंध म्हणजे फक्त आयात-निर्यातीचे आकडे काय? बाबासाहेबांच्या विचाराने दोन देशांतील बहिष्कृतांना जोडले, हा त्या लेखाचा भाग नाही काय? तसेच म्यानमारचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशाचे. १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. भारत-म्यानमार संबंधांच्या लेखात सीमा, व्यापार आणि नैसर्गिक वायू असेल आणि दीक्षाभूमी नसेल, तर तो लेख अपुरा आहे.

परंतु केवळ रागावून लेख पुरा होत नाही. 'आमच्यावर अन्याय झाला' असे लिहून आलेला मजकूर पुराव्याअभावी काढला गेला तर तक्रारीला जागा राहत नाही. म्हणून काम दुसरीकडून सुरू केले पाहिजे. परदेशी भिक्खू, कार्यकर्ते, अभ्यासक आपल्याकडे येतात. आपण हार घालतो, फोटो काढतो आणि विसरतो. त्याऐवजी मुलाखत घ्या, तारीख-ठिकाण नोंदवा, पत्रव्यवहार जपा. विद्यापीठांतील आपल्या मुलामुलींनी या विषयांवर प्रबंध लिहावेत, ते छापले जावेत, ग्रंथालयात ठेवले जावेत. आपल्या दैनिकांचे जुने अंक जतन व्हावेत. असे लेखन उभे राहिले की कोणत्याही संपादकाला ते बाजूला सारणे अवघड जाईल.

आणि जे संपादक निर्णय देतात त्यांनाही एक विचारावे. देश म्हणजे सरकार की माणसे? माणसे असतील, तर दोन देशांचे संबंध मोजताना शायोकाझाच्या शाळेचा वर्गही मोजा. बाबासाहेबांनी आपला प्रत्येक मुद्दा पुराव्यानिशी मांडला. त्यांच्या अनुयायांनी पुराव्याला घाबरण्याचे कारण नाही. तो गोळा करण्याचा आळस मात्र सोडावा लागेल.

जयभीम!