वाटेत थांबणारी दया

आचऱ्याची गावपळण आपल्या साऱ्या सिंधुदुर्गाला परिचित आहे. काही वर्षांच्या अंतराने श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अवघा गाव गुरेढोरे, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतो. म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या मुलांना सांभाळून नेले जाते. ही गैरसोय लोक आनंदाने सोसतात. कारण तिचा दिवस आधी ठरलेला असतो, तयारी झालेली असते आणि सोबतीला सारा गाव असतो.

दयेच्या वाट्याला येणारी गैरसोय अशी सांगून येत नाही. समजा, आपण आचरा-कणकवली रस्त्याने लग्नाला निघालो आहोत. अंगावर नवे कपडे आहेत, आधीच उशीर झाला आहे, आणि वळणावर एक दुचाकीस्वार रक्तबंबाळ होऊन पडलेला दिसतो. त्या क्षणी आपल्या मनात किती विचार येतात! मागून कोणीतरी येईलच. पोलिसांची कटकट मागे लागेल. साक्षीसाठी खेटे घालावे लागतील. असा विचार करीत आपण पुढे निघून जातो.

प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक 10:25-37) याजक आणि लेवी हेच करतात. ते दुष्ट होते असे प्रभू म्हणत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट निर्जन आणि लुटारूंची होती; त्यांच्यापाशीही कारणे असतील. शोमरोनीही प्रवासातच होता. त्यालाही कुठेतरी पोहोचायचे होते. तरी तो थांबला. त्याने स्वतःचे तेल व द्राक्षारस जखमांवर ओतला, आपल्या जनावरावर त्या माणसाला बसवले, रात्र उतारशाळेत काढली आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देऊन परतीच्या वेळी उरलेला खर्च भागविण्याचे वचन दिले. आपली साधने, आपला वेळ आणि आपला पैसा, तिन्ही त्याने दिले.

या दाखल्याचा ठसा आज आपल्या देशाच्या कायद्यावरही उमटला आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास कायद्याच्या भाषेत 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी, असेच म्हटले जाते. 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले आणि 29 सप्टेंबर 2020 रोजी त्याचे नियम निघाले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, पोप फ्रान्सिस यांनी असिसी येथे 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. त्याचा दुसरा अध्याय याच दाखल्याचे चिंतन आहे.

या नियमांनुसार मदत करणाऱ्यास नाव वा पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार होणे त्याच्या इच्छेवर असते. तो तयार झाल्यास त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी घ्यावयाचा असतो. सद्‌हेतूने मदत करताना चूक घडली तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. जखमीवर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तातडीने उपचार झाले पाहिजेत, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे.

म्हणून आपण निदान एवढे करू या. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मानेला इजा झाल्याची शंका असल्यास, जागेवर धोका नसेल तर, जखमीस हलवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आणि मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबावे. आपल्या किनारपट्टीवरून कणकवली, ओरोस किंवा बांबोळीचे रुग्णालय जवळ नाही; येथे वाया गेलेली दहा मिनिटे फार महाग पडतात.

कायद्याने आपली भीती दूर केली. गैरसोय मात्र तो दूर करू शकत नाही. ती प्रीतीनेच स्वीकारावी लागते. आणि ती केवळ रस्त्यावर भेटत नाही. मुले मुंबईला गेल्यामुळे घरात एकटी राहिलेली शेजारची म्हातारी ऐन जेवणाच्या वेळी हाक मारते. रक्ताची गरज मध्यरात्री निघते. गरजवंत आपली सवड पाहून येत नाही.

शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की माझा शेजारी कोण. प्रभूने त्यालाच उलट विचारले की जखमी माणसाचा शेजारी कोण झाला. मिस्साबलिदानाहून घरी परतताना वाटेत कोणी पडलेला दिसला, तर त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तेथेच, थांबून द्यावयाचे आहे. ते देण्याचे बळ प्रभू आपणांस देवो.