शटर खाली आले, पण काम संपले का?

दुकानाचे शटर रात्री नऊला खाली येते आणि मालक घरी पोहोचतो साडेदहाला. मधला दीड तास कुठे जातो? गल्ल्याची मोजदाद, खिशातल्या चिठ्ठ्यांची जुळवाजुळव, दुपारी कोणाला उधार माल दिला त्याची आठवण. घरी जावे तर मुले झोपलेली. मुलाची वही उघडून पाहायला वडिलांना सुट्टीच्या दिवशीही सवड नसते. आपल्यापैकी अनेक छोट्या दुकानदारांची आणि कारागिरांची ही रोजची कथा आहे. विचारले तर उत्तर एकच, "काम फार आहे." आमचे म्हणणे असे की, कामापेक्षा कामाचा पसारा फार आहे. तो आवरला तर वेळ हाती येतो.

विटांचा धडा

अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ (१८६८-१९२४) तरुणपणी गवंडीकाम शिकले. एक वीट लावताना गवंडी किती हालचाली करतो, हे त्यांनी बारकाईने मोजले. त्या १८ भरल्या. खाली वाकणे, वीट उचलणे, तिची चांगली बाजू पाहण्यासाठी ती हातात फिरवणे, यातच गवंड्याची बरीच शक्ती खर्च होत होती. गिलब्रेथ यांनी विटा आणि माल हाताच्या उंचीवर राहतील अशी वर-खाली करता येणारी परांची तयार केली. विटा निवडून नीट रचून देण्याचे काम मदतनिसाकडे सोपवले. हालचाली १८ वरून ५ वर आल्या. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात नोंद आहे की, ताशी १२० विटांचे काम ३५० विटांवर गेले. गवंड्याने घाई केली नव्हती. नको ती हालचाल तेवढी गेली होती.

हाच नियम आपल्या कारखान्याला लावून पाहा. शिलाईच्या दुकानात कात्री कापडाखाली दबलेली असते, टेप दुसऱ्याच्या गळ्यात असतो आणि मापाची चिठ्ठी सापडत नाही. सुताराची पटाशी भुश्यात हरवते. दिवसातून तीन वेळा पंधरा मिनिटे शोधाशोध झाली, तर पाऊण तास गेला. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेएकोणीस तास, म्हणजे दहा तासांचे जवळजवळ दोन दिवस! उपाय साधा आहे. भिंतीवर एक फळी ठोका, प्रत्येक हत्यारासाठी खिळा लावा आणि हत्याराची आकृती रंगाने काढून ठेवा. संध्याकाळी जागा रिकामी दिसली की काय परत आले नाही ते लगेच कळते.

नोंद जागेवर, हिशेब वेळेवर

दुकानदाराचा सर्वात जास्त वेळ आठवण्यात जातो. उधार दिल्याक्षणी वहीत लिहा, गिऱ्हाईक समोर असतानाच. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २८२) सविस्तर आली आहे. त्यामागे मोठे शहाणपण आहे. लिहिलेल्या आकड्यावर वाद होत नाही, आणि वाद टळला की वेळही वाचतो. वसुलीसाठी आठवड्यातला एक वार ठरवा. रोज थोडी थोडी वसुली म्हणजे रोज थोडे थोडे दुकान बंद.

खरेदीची बिले एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि दर आठवड्याला अर्धा तास त्यांना द्या. वीस तारीख जवळ आली की होणारी धावपळ त्यामुळे टळेल. जीएसटीमध्ये ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत आहे, त्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे. दरमहा दोन धरून वर्षाला २४ विवरणपत्रे भरण्याऐवजी ८ भरावी लागतात. मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, हे विसरू नये. आपली गिऱ्हाइके व्यापारी असतील, तर त्यांना कराची वजावट वेळेवर मिळेल की नाही हे आपल्या कर सल्लागाराला विचारून मगच निर्णय घ्यावा.

फोन आणि नोकर

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक "भाव काय?" ला लगेच उत्तर देत बसलो, तर हातातले काम दहादा तुटते. तुटलेला धागा जोडायला पुन्हा वेळ लागतो, हे विणकराला सांगायला नको. भावाची यादी एकदा लिहून ठेवा आणि तीच पाठवा. बाकीचे निरोप दिवसातून दोन-तीन ठराविक वेळीच पाहा. नमाजच्या वेळांनी आपल्या दिवसाचे भाग पडलेलेच आहेत. जुहरनंतर आणि असरनंतर फोन, असा नेम सहज पाळता येतो.

दुसरी गोष्ट, सर्व काही स्वतःच करण्याचा हट्ट सोडा. पाच-दहा रुपयांची सूट द्यायलाही नोकर मालकाची वाट पाहत असेल, तर मालक दुकानाला बांधला गेला. कोणत्या मालावर किती सूट द्यायची, हे नोकराला एकदा ठरवून द्या. सुरुवातीला एखादी चूक होईल, पण त्यातूनच माणूस तयार होतो.

हे सगळे एकदम करू नये. आधी आठ दिवस गल्ल्याजवळ एक कागद ठेवा आणि वेळ कुठे गेला ते प्रामाणिकपणे टिपा. सर्वात मोठी गळती दिसेल, ती प्रथम बुजवा.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. वाचलेला तास पुन्हा दुकानातच खर्च केला, तर केलेली सारी मेहनत वाया गेली. तो तास घरी न्या. मुले जागी असताना वडील घरी आले, यापेक्षा मोठी बरकत कोणती?