बॅकअपची नावं बदलताय? आधी ब्रेक तपासा!

मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरीला थांबली की डब्यात कुणीतरी विचारतंच, ‘आता का थांबली?’ पुढे थळ घाट असतो. उतार १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. म्हणून उतरण्याआधी इथे ब्रेक तपासतात. बॅकअप फाइल्सची नावं एका फटक्यात बदलणाऱ्या शेल स्क्रिप्टलाही असाच थांबा हवा.

सेमिस्टर संपता संपता लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा बॅकअपचा ढीग साचतो. सगळ्यांच्या नावाआधी तारीख लावायची तर तीन-चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. एक ‘फॉर’ लूप, आत ‘एमव्ही’ कमांड. पण रन केली की एरर येतो, ‘नॉट अ डिरेक्टरी’! दोष असतो नावातल्या स्पेसचा. ‘इगतपुरी ट्रिप’ ही आपल्यासाठी एक फाइल, शेलसाठी मात्र दोन वेगळे शब्द. व्हेरिएबलला डबल कोट्स लावले की प्रश्न मिटतो.

एरर आला ते एका अर्थी बरंच. खरा धोका असतो काहीच न बोलता होणाऱ्या घोळाचा. स्क्रिप्ट जुनं नाव पुसून फक्त तारीखच देत असेल, तर एका दिवसाच्या दोन बॅकअपना एकच नाव मिळतं. ‘एमव्ही’ काही न विचारता पहिल्यावर दुसरी फाइल चढवते. रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलं तर? म्हणून हे तीन उपाय:

• ‘एमव्ही’ला ‘मायनस एन’ जोडा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती शाबूत राहते.

• तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. सोबत वेळही टाका.

• ‘एमव्ही’च्या आधी ‘इको’ लिहून एकदा चालवा. नाव बदलत नाही, काय बदलणार ते फक्त स्क्रीनवर दिसतं. हीच आपली ब्रेक टेस्ट! कोट्स राहिलेत का, ते मात्र या यादीत कळत नाही. ते स्क्रिप्टमध्येच बघा.

आणि नावं बदलून झाली की एखादा बॅकअप उघडूनही पाहा. ३१ जानेवारी २०१७ ला ‘गिटलॅब’मध्ये एका इंजिनीअरकडून चुकून मुख्य डेटाबेस डिलीट झाला. तेव्हा कळलं, रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक कॉपी हाताशी होती, तिच्यावर निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होऊ शकतं, तर आपल्या प्रोजेक्टसाठी पाच मिनिटं जास्त द्यायला काय हरकत आहे?